एकविसावा रकाना

शुक्रवार, १९ जुलै २०२४. त्या दिवशी जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. सायबर हल्ला झाला नव्हता, वीज गेली नव्हती, व्हायरस शिरला नव्हता. व्हायरसपासून राखण करण्यासाठी जे सॉफ्टवेअर बसवलं होतं, त्यालाच आलेली एक छोटीशी फाइल या साऱ्याला पुरली. कोसळता कोसळता यंत्रांनी आपल्या नोंदी मागे ठेवल्या आणि त्यांत दोषी ड्रायव्हरचं नाव पहिल्या मिनिटापासून होतं. तरीही पूर्ण कारण जाहीर व्हायला १८ दिवस लागले. नाव कळणं आणि कारण कळणं यांत किती अंतर असतं, ते या घटनाक्रमात दिसतं. वेळा भारतीय आहेत.

१४२ दिवस आधी: २८ फेब्रुवारी

अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनची क्राउडस्ट्राइक ही कंपनी ‘फाल्कन’ नावाचं सुरक्षा सॉफ्टवेअर विकते. ग्राहक म्हणजे बँका, विमान कंपन्या, रुग्णालयं, सरकारी खाती. या दिवशी फाल्कनच्या विंडोज सेन्सरची, म्हणजे ग्राहकाच्या यंत्रावर बसणाऱ्या भागाची, ७.११ ही आवृत्ती बाहेर पडली. विंडोजमधले प्रोग्राम आपसात निरोप देण्यासाठी ‘नेम्ड पाइप’ वापरतात. हल्लेखोर त्यांचा गैरवापर करू लागले होते, तो पकडण्याची सोय या आवृत्तीत होती.

या सोयीसाठी एक साचा आखला होता. साच्यात रकाने २१, पण माहिती पुरवणारा सेन्सरमधला कोड फक्त २० रकाने भरत होता. दोन्ही आकड्यांची गाठ घालून पाहणारी तपासणी कोड तयार होतानाच व्हायला हवी होती. ती नव्हतीच.

१३६ दिवस आधी: ५ मार्च

साच्याची ताणचाचणी झाली आणि तो पास झाला. त्यावर बेतलेला पहिला नियम त्याच दिवशी ग्राहकांच्या यंत्रांवर गेला. ८ ते २४ एप्रिलदरम्यान आणखी तीन गेले. कुठेही काही बिघडलं नाही, कारण प्रत्येक नियमात एकविसाव्या रकान्यापुढे ‘काहीही चालेल’ असंच लिहिलेलं होतं. काहीही चालणार असेल तर तिथे काय आहे ते बघायची सेन्सरला गरजच पडत नाही. चूक जागच्या जागी होती, तिच्यावर पाय पडला नव्हता इतकंच. चार वेळा सगळं सुरळीत झाल्याने पाचव्या वेळचा विश्वास मात्र वाढला.

६ तास १३ मिनिटं आधी: १९ जुलै, पहाटे ३:२६

मायक्रोसॉफ्टच्या ‘अझुर’ या क्लाउडसेवेच्या मध्य अमेरिका विभागात बिघाड सुरू झाला. अमेरिकेतल्या काही विमान कंपन्यांची उड्डाणं रखडली. या बिघाडाचा पुढच्या घटनेशी काडीचाही संबंध नव्हता. पण दिवस उजाडल्यावर जो तो दोन्ही बातम्या एकत्र वाचू लागला आणि कित्येक तास ‘मायक्रोसॉफ्ट पडलं’ हाच मथळा फिरत राहिला. बिघाडाचा शोध घेताना पहिली गल्लत होते ती अशी: आगेमागे घडलेल्या दोन गोष्टी एकाच कारणाच्या खात्यावर मांडल्या जातात.

शून्य क्षण: सकाळी ९:३९

जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटेचे ४ वाजून ९ मिनिटं. सिडनीत शुक्रवारची दुपार, लंडनमध्ये पहाट, न्यूयॉर्कमध्ये नुकतीच मध्यरात्र उलटलेली. नेम्ड पाइपचे दोन नवे नियम ‘चॅनल फाइल २९१’मधून रवाना झाले. त्यांपैकी एकात एकविसाव्या रकान्यापुढे पहिल्यांदाच ‘काहीही चालेल’ऐवजी नेमकी अट होती. नियम तपासणाऱ्या ‘व्हॅलिडेटर’ने तो पास केला, कारण सेन्सर २१ रकाने पुरवतो असंच तो गृहीत धरत होता.

सेन्सरची नवी आवृत्ती एकदम सगळीकडे घ्यायची की एखादी आवृत्ती मागे राहायचं, हे ग्राहकाला ठरवता येत असे. पण रोज येणाऱ्या या नियमांच्या फायलींना ती मुभा लागू नव्हती. त्या सगळ्यांना एकाच वेळी जात.

पुढची काही मिनिटं

सेन्सरने एकविसावा रकाना उघडायला हात घातला. तिथे रकाना नव्हता. यादी संपल्यानंतरच्या मेमरीत जे काही पडलेलं होतं, तोच पत्ता समजून सेन्सर तिकडे वाचायला गेला. हेच एखाद्या साध्या प्रोग्रामने केलं असतं तर तो एकटा बंद पडला असता. पण फाल्कनचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये चालतो. तिथे असं वाचन झालं की विंडोज पुढे जात नाही. डेटा खराब होऊ देण्यापेक्षा ते यंत्रच थांबवतं.

पडदा निळा झाला. त्यावर दुःखी चेहऱ्याची खूण, यंत्रात अडचण आली असून ते पुन्हा सुरू होणार असल्याचा निरोप, आणि तळाशी बारीक अक्षरात दोन ओळी. पहिलीत थांबण्याचा कोड: ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. दुसरीत कोण नापास झालं त्याचं नाव: ‘सीएसएजंट डॉट सिस’. सीएस म्हणजे क्राउडस्ट्राइक. पत्ता, नाव, गाव सगळं पडद्यावर होतं.

यंत्र थांबताना विंडोज मेमरीचा ठसा डिस्कवर उतरवून ठेवतं. याला ‘क्रॅश डम्प’ म्हणतात. एरवी पुढच्या वेळी यंत्र सुरू झालं की तो विंडोजच्या फोल्डरात ‘मेमरी डॉट डीएमपी’ किंवा ‘मिनीडम्प’ या नावाने सापडतो आणि ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये त्याची नोंद पडते. या नोंदींतली ४१ क्रमांकाची नोंद लोक हमखास कारण समजून बसतात. ती सांगते ते एवढंच, की यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. कामाची नोंद १००१ क्रमांकाची. तिच्यात थांबण्याचा कोड आणि डम्पची जागा मिळते. पण त्या सकाळी यंत्र सुरूच होत नव्हतं. उठायचं, ड्रायव्हर चढवायचा, कोसळायचं, पुन्हा उठायचं. नोंदी डिस्कवर होत्या, उघडायला दार नव्हतं.

७८ मिनिटांनी: सकाळी १०:५७

क्राउडस्ट्राइकने फाइल मागे घेऊन दुरुस्त फाइल सोडली. या ७८ मिनिटांत जी यंत्रं बंद होती किंवा नेटवर्कवर नव्हती, ती वाचली. मॅक आणि लिनक्सवाल्यांना धग लागलीच नाही. जी कोसळली होती त्यांना मात्र दुरुस्त फाइल घ्यायला आधी नेटवर्कपर्यंत पोचायला हवं होतं आणि ड्रायव्हर त्याआधीच त्यांना पाडत होता. काही यंत्रं पुन्हा पुन्हा सुरू केल्यावर एखाद्या वेळी नेटवर्क ड्रायव्हरच्या आधी जागं व्हायचं आणि नवी फाइल उतरायची. म्हणूनच अझुरवरच्या आभासी यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने चक्क १५ वेळा रीस्टार्ट करून पाहायचा सल्ला दिला.

दुपार

ऑस्ट्रेलियात सुपरमार्केटच्या गल्ल्यांवरचे पडदे निळे, ब्रिटनमध्ये स्काय न्यूज वाहिनी सकाळी प्रक्षेपणाबाहेर, डॉक्टरांच्या दवाखान्यांत रुग्णांच्या नोंदी उघडेनात, बर्लिनच्या विमानतळावर उड्डाणं थांबलेली. भारतात मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, हैदराबादच्या विमानतळांवर रांगा लांबत गेल्या. इंडिगो, अकासा, स्पाइसजेटचं चेक-इन कागदावर आलं. हैदराबादहून कोलकात्याला निघालेल्या एका प्रवाशाला पेनने लिहिलेला बोर्डिंग पास मिळाला आणि त्याचं छायाचित्र देशभर फिरलं.

साडेपाच तासांनी: दुपारी ३:१५च्या सुमारास

क्राउडस्ट्राइकचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ यांनी एक्सवर जाहीर केलं की हा सायबर हल्ला नाही, दोष सापडला आहे आणि दुरुस्ती पाठवली आहे. योगायोग असा, की एप्रिल २०१० मध्ये मॅकअफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एक आवश्यक फाइल व्हायरस ठरवून असंख्य यंत्रं पाडली होती, तेव्हा त्या कंपनीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी कर्ट्झच होते.

संध्याकाळ

दुरुस्ती पाठवली म्हणजे दुरुस्ती झाली असं नव्हे. प्रत्येक यंत्रापाशी माणूस जाऊन बसायला हवा होता. सेफ मोडमध्ये शिरायचं, ड्रायव्हर्सच्या फोल्डरातलं क्राउडस्ट्राइकचं उपफोल्डर गाठायचं, ‘सी-०००००२९१’ने सुरू होणारी फाइल शोधायची. एकाच नावाच्या दोन फायली दिसू शकत होत्या, तेव्हा ओळख फक्त वेळेवरून: जागतिक वेळेनुसार ०४०९चा शिक्का असेल तर विषारी, ०५२७ किंवा नंतरचा असेल तर चांगली. विषारी फाइल पुसायची, यंत्र सुरू करायचं. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर आधी त्या यंत्राची ४८ आकडी किल्ली हवी आणि अनेक ठिकाणी या किल्ल्या ज्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या, तेही निळे पडलेले.

रात्र

आता डम्प उघडले जाऊ लागले. मायक्रोसॉफ्टच्या ‘विनडीबीजी’ या साधनात डम्प घालून विश्लेषणाची आज्ञा दिली की कोसळण्याच्या क्षणीची सूचना, प्रोसेसरच्या रजिस्टरांतले आकडे आणि तोवरच्या हाकांची साखळी पुढ्यात येते. एक्सवर एका डम्पचं चित्र फिरलं. त्यात ‘आर८’ या रजिस्टरमध्ये ९सी हा आकडा होता. शून्याच्या इतक्या जवळचा पत्ता पाहून निकाल लागला: प्रोग्रामरने रिकामा पॉइंटर, म्हणजे कुठेच न नेणारा पत्ता, तपासला नाही. हजारो लोकांनी तो पुढे पाठवला. आणखी एक तर्क असा, की फाइल नुसत्या शून्यांनी भरलेली होती.

दोन्ही चूक. त्याच सूचनेच्या थोडं वर पाहिलं असतं तर पॉइंटर रिकामा आहे का याची तपासणी कोडमध्ये स्पष्ट दिसत होती. शिवाय दुसऱ्या यंत्रांच्या डम्पमध्ये पत्ता वेगळाच होता. पुढे मायक्रोसॉफ्टने छापलेल्या डम्पमध्ये तो ‘एफएफएफएफ८४०५००००००७४’ असा भलामोठा निघाला. सूचना तीच, ड्रायव्हर तोच, पत्ता मात्र यंत्रागणिक निराळा. याचा अर्थ पत्ता रिकामा नव्हता, तो कुठून तरी भलतीकडून उचललेला होता. हे एका डम्पवरून कळत नाही, दोन शेजारी ठेवले की कळतं. फायलीतल्या शून्यांचा याच्याशी संबंध नाही, असा खुलासा क्राउडस्ट्राइकनेही केला.

क्रॅश लॉग हा पंचनामा असतो. प्रेत कुठे आणि कसं पडलं होतं हे त्यात बिनचूक मिळतं, खून का झाला ते तपासानंतर कळतं.

२० जुलै: पहाटे ३

भारतातल्या विमानतळांवरच्या यंत्रणा सुरळीत होऊ लागल्याचं नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी सांगितलं. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने ८५ लाखांचा अंदाज दिला. एकूण विंडोज यंत्रांच्या १ टक्क्याहूनही हा आकडा कमी होता. पण ही यंत्रं बँकेच्या काउंटरवरची, विमानतळावरची, रुग्णालयातली होती. अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइन्सला पुढचे पाच दिवस सावरता आलं नाही, तिची सुमारे ७,००० उड्डाणं रद्द झाली.

२४ जुलै ते ६ ऑगस्ट

२४ जुलैला क्राउडस्ट्राइकने प्राथमिक अहवालात व्हॅलिडेटरमधल्या दोषाची कबुली दिली. २७ जुलैला मायक्रोसॉफ्टने आपल्याकडे जमा झालेले डम्प तपासून स्वतःचा निष्कर्ष मांडला: सीएसएजंटने हद्दीबाहेरची मेमरी वाचली. ६ ऑगस्टला मूळ कारणांचा अहवाल आला आणि २१ विरुद्ध २० हा हिशेब पहिल्यांदा जगासमोर आला. सप्टेंबरमध्ये कंपनीचे वरिष्ठ उपाध्यक्ष अॅडम मायर्स यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे माफी मागितली.

हा हिशेब कोणत्याही डम्पमध्ये लिहिलेला नव्हता. डम्पने हद्दीबाहेरच्या वाचनाची जागा दाखवली. ती हद्द का ओलांडली गेली, हे शोधायला फेब्रुवारीतला साचा, मार्चमधली चाचणी आणि जुलैतला नियम शेजारी ठेवावे लागले. म्हणून नोंदी वाचताना क्रम महत्त्वाचा: आधी वेळ, मग नाव, मग जागा, आणि त्या वेळेच्या लगेच आधी काय बदललं होतं हा प्रश्न. ९:३९ला फाइल आली आणि त्यानंतर यंत्रं कोसळू लागली, एवढं जुळलं तरी दुरुस्तीला पुरतं. कारणमीमांसा नंतर सवडीने करता येते. क्राउडस्ट्राइकनेही ७८ मिनिटांत नेमकं तेच केलं, २१ आणि २० चा मेळ त्यांनी नंतर लावला.

मग चुकलं कुठे? चूक चाचणीत होती तितकीच वाटपात होती. नंतर कंपनीने नियमांच्या फायलीही टप्प्याटप्प्याने सोडायला सुरुवात केली: आधी आपल्या घरच्या यंत्रांवर, मग थोड्या ग्राहकांकडे, मग सर्वत्र, आणि कुठल्या टप्प्यावर घ्यायच्या हे ठरवण्याची मुभा ग्राहकाला. हे आधी असतं तर त्या शुक्रवारीही काही यंत्रं पडलीच असती. पण त्यांच्या पडद्यावर सीएसएजंटचं नाव आलं असतं, कुणीतरी ते वाचलं असतं आणि फाइल तिथेच अडली असती. त्या नोंदीत जे लिहिलं होतं ते कळायला शंभर यंत्रं पुरेशी होती, ८५ लाखांची गरज नव्हती.