पट्टेवाल्याचा पट्टा

सरकारी कचेरीच्या दाराशी स्टुलावर बसणाऱ्या इसमास काय म्हणावयाचे, हे आपले घराणे कोणत्या गावी स्थिरावले त्यावर ठरते. मुंबई इलाख्याच्या जुन्या मराठीत तो 'पट्टेवाला'. बडोदेकरांच्या कानी गुजरातीतला 'पटावाळो' पडतो. इंदूर-ग्वाल्हेरकडे आपण त्याला सरळ 'चपराशी' म्हणतो. बेळगावकरांच्या समोर येणाऱ्या कन्नड कागदांत तो 'जवान' असतो. इंग्रजी कागदांत सर्वत्र लिहिला जाणारा 'प्यून' हा मूळचा पोर्तुगिजांचा 'पियांव'. तेव्हा या शब्दाचा मान गोव्याच्या मंडळींनी आपल्याकडे घ्यावयास हरकत नाही.

या शब्दांची थोडी झडती घेतली की एक गोष्ट ध्यानात येते. 'पियांव' म्हणजे पायदळातला लढवय्या. बुद्धिबळातल्या प्याद्यालाही पोर्तुगीज भाषेत हाच शब्द आहे. 'शिपाई' आणि 'जवान' हे तर उघडच सैन्यातले. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांत शिपायाच्या वरची पदे नाईक आणि हवालदार अशी आहेत. म्हणजे कचेरीच्या दाराशी बसलेला हा मनुष्य शब्दांच्या हिशेबाने अजून फौजेतच आहे. त्याची तलवार गेली, भाला गेला; उरला तो ज्यात तलवार अडकवावयाची तो पट्टा. बाकीचे दोन शब्द नेमके त्या पट्ट्यावरूनच पडले.

'पट्टेवाला' या शब्दाला स्पष्टीकरण नको. 'चपराशी' म्हणजे चपरास धारण करणारा, आणि चपरास म्हणजे पट्ट्यावर बसविलेला, खात्याचे नाव कोरलेला पितळी बिल्ला. यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात या शब्दाची व्युत्पत्ती अस्पष्ट म्हटली आहे. फारसी 'चप-ओ-रास्त', म्हणजे डावे-उजवे, ही लोकांत रूढ असलेली उपपत्ती तेथे दिली आहे आणि मूळ अर्थ 'बक्कल' असावा हे बीम्स या भाषाशास्त्रज्ञाचे मतही नोंदविले आहे. मला बीम्सचे म्हणणे अधिक पटते. महाराष्ट्रातल्या पोलीस शिपायाच्या क्रमांकास आजही 'बक्कल नंबर' म्हणतात, म्हणजे पट्ट्याचे बक्कल आणि अधिकाराचा बिल्ला यांची सरमिसळ आपल्याही भाषेने केलेलीच आहे.

'पट्टा' शब्दाचे गोत्र तर याहून मोठे. संस्कृतातला 'पट्ट' म्हणजे पट्टी, फळी, पत्रा, कापडाचा लांब तुकडा. राजाच्या मस्तकी बांधावयाचा तो पट्ट. त्यावरून पट्टाभिषेक आणि पट्टराणी. दानपत्र कोरलेला तो ताम्रपट. जमिनीचा लेख तो पट्टा, आणि घराचा तो भाडेपट्टा. मर्दानी खेळातला दांडपट्टाही याच नावाचा. (कुत्र्याच्या गळ्यातला पट्टाही याच गोत्रातला, हे सांगणे ओघानेच आले.) सत्ता एका मनुष्याकडून दुसऱ्याकडे सोपवावयाची झाली की काहीतरी लांबट वस्तू बांधावयाची किंवा लिहून द्यावयाची, हा या शब्दामागचा जुना व्यवहार दिसतो.

मराठ्यांच्या फौजा घोडदळाच्या. जेथे घोडा तेथे जीन, तंग आणि वादी. फारसीत खोगिराला 'जीन' म्हणतात. ते करणारा तो जीनगर. ही जात आपल्याकडे फौजांबरोबर वाढली. १८१८ साली पेशवाई बुडाली, पागा मोडल्या, आणि जीनगरांचे मूळ काम आटले. त्यांनी ओतकाम धरले, चित्रे काढली, माती-कापडाच्या बाहुल्या केल्या, पुढे घड्याळेसुद्धा दुरुस्त केली. ज्या कारागिरांनी चामड्याचे काम सोडले नाही, त्यांना दोन नवी गिऱ्हाइके मिळाली : एक इंग्रजी पलटण, दुसरी कचेरी. १८५७ नंतर फौजेचे चामडी सामान विलायतेहून आणण्यापेक्षा येथेच करावे असे ठरून कानपुरास १८६० च्या दशकात सरकारी खोगीर-कारखाना उभा राहिला. त्या भागात चामडे कमावण्यास लागणारी बाभळीची साल विपुल मिळे, हेही त्याचे एक कारण. १८८१ साली तेथेच कूपर-अ‍ॅलन कंपनी निघाली. कारखान्यांचे हे काम मोठे. पण जिल्ह्या-तालुक्याच्या गावी पट्टे शिवणारा, दुरुस्त करणारा कारागीर स्थानिकच असे.

कचेरीला पट्टा का हवा होता, हे समजण्यासाठी त्या काळचा पट्टेवाला डोळ्यांसमोर आणावा लागतो. कलेक्टर जिल्ह्याच्या गावी. सारा थकला म्हणून नोटीस, दाव्याचे समन्स, जप्तीचा हुकूम, हे सारे घेऊन वीस-पंचवीस मैल पायी जाणारा हा एकटा मनुष्य. ज्याच्या हाती कागद द्यावयाचा त्याला तो वाचता येत नाही. पुष्कळदा आणणाऱ्यालाही येत नाही. अशा वेळी सरकार आले आहे याची खूण म्हणजे कमरेचा किंवा खांद्यावरून छातीवर आलेला पट्टा आणि त्यावरचे पितळ. पट्टा काही ठिकाणी बनातीचा असे, काही ठिकाणी चामड्याचा. पट्टा बांधला की चार रुपयांचा नोकर पाटलाशी बरोबरीने बोले, आणि त्याचा गैरफायदाही घेई. 'पट्टेवाल्याचे चहापाणी' हा खर्च आपल्या कचेऱ्यांत कोणत्याही वहीत न चढता पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

खोटा पट्टा घालून लोकांस नाडण्याचा मोहही यातूनच निर्माण होतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत १७१ वे कलम नेमके यासाठी होते : लोकसेवकाचा पोशाख किंवा खूण कपटाने धारण करील त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दोनशे रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. तेव्हाच्या पट्टेवाल्याची ही कित्येक महिन्यांची कमाई. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम २०५ क्रमांकाने आले आहे. कैद तेवढीच, दंड मात्र पाच हजारांपर्यंत.

आता प्रत्यक्ष पट्ट्याकडे येतो. माझ्या नोकरीच्या काळात एका जुन्या तालुका-कचेरीच्या कोठारात निकालात काढावयाच्या सामानात असे काही चामडी पट्टे पाहावयास मिळाले. पितळ काळे पडले होते, चामडे सुकून लाकडासारखे झाले होते. पण शिवण बहुतेक शाबूत होती. ते दुहेरी होते, म्हणजे चामड्याचे दोन पदर पाठीला पाठ लावून शिवलेले. इतकी मेहनत कशासाठी, हा प्रश्न मनात राहिला. पुढे इंदुरात जुन्या पद्धतीने काम करणाऱ्या एका वयस्क कारागिराकडे बसून ते सारे काम मी पाहिले.

सगळा भार कमावण्यावर. चुन्याच्या पाण्यात मुरवून केस काढलेले कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांच्या कषायात कित्येक दिवस राहते. हिरडा-बाभळीतले तुरट द्रव्य कातड्याच्या तंतूंत शिरून बसते, म्हणून ते कुजत नाही आणि दाट, ताठ होते. कोल्हापुरी वहाणेचे चामडे याच रीतीचे. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी क्रोम-क्षारांनी कमावण्याचे प्रयोग केले आणि ती रीत देशात पसरली. ते चामडे लवकर तयार होते, मऊ असते, परंतु ताणले जाते. वहाणेच्या वरच्या भागाला चालेल, पट्ट्याला नाही.

पट्ट्याचे चामडे जनावराच्या पाठीचे घ्यावयाचे, कण्याला समांतर कापून. पोटाकडचे चामडे सैल असते, वर्षभरात लांबते. रापीने दोन पट्ट्या कापतात. आतली किंचित रुंद ठेवतात, म्हणजे शिवणीनंतर कडा एकसारख्या तासता येतात. प्रत्येक पट्टीची गुळगुळीत बाजू बाहेर आणि मांसाकडची खरबरीत बाजू आत ठेवून दोन्ही चिकटवतात. पूर्वी यासाठी चिंचोक्याची खळ असे, आता रबराचे सोल्युशन. दुहेरीचा पहिला लाभ येथेच दिसतो. अंगरख्याला घासणारी बाजूही गुळगुळीत राहते, बिल्ल्याच्या मागच्या कड्या दोन पदरांत झाकल्या जातात, आणि एक पदर ताणला जाऊ लागला की दुसरा त्याला धरतो.

येथे नवशिका फसतो. पट्ट्या पाटावर सपाट ठेवून चिकटवल्या तर पट्टा कमरेला वळताच आतल्या पदराला सुरकुत्या पडतात. हिशेब सोपा आहे. अडीच मिलिमीटर जाडीचे दोन पदर असतील तर त्यांच्या मध्यरेषांत अडीच मिलिमीटरचे अंतर. पुऱ्या वेढ्यात बाहेरचा पदर आतल्याहून सुमारे सोळा मिलिमीटर लांब हवा. त्या कारागिराने हे गणित कधी मांडले नव्हते. तो पट्टी एका गोल ओंडक्यावर वळवीत वळवीत चिकटवी, आणि ते सोळा मिलिमीटर आपोआप बाहेर येत. जास्तीचे टोक रापीने कापून त्याने माझ्या हातावर ठेवले.

मग शिवण. कडेपासून थोडे आत एक बारीक चर काढतात, म्हणजे दोरा त्यात बुडतो आणि घासून तुटत नाही. दोऱ्याला मेण आणि राळ चोळलेली असते. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया. आरीने पाडलेल्या एकाच भोकातून एक सुई पुढून मागे आणि दुसरी मागून पुढे, मग दोन्ही हातांनी ओढ. इंचाला सहा-सात टाके. ही खोगिराची शिवण. यंत्राच्या शिवणीत वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात; एक तुटला की ओळ उसवत जाते. येथे एक टाका झिजला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा त्याच भोकात घट्ट राहतो. कोठारातल्या त्या पट्ट्यांची शिवण का टिकली, याचे उत्तर मला येथे मिळाले. शेवटी कडा पाण्याने ओलावून लाकडाने घासतात, त्या इतक्या जुळतात की दोन पदर आहेत हे सांगावे लागते. एका पट्ट्यास त्याचा पुरा दिवस गेला.

हा इतिहास येथेच थांबविला तर तो अर्धा राहील. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या कचेऱ्यांत बसत, आणि त्यांच्या हाका झेलणारा मनुष्य दाराशी उभा असे. त्याच्या कमरेचे चामडे दारातून आत येई. पण ते चामडे करणारा मात्र येत नसे. गावगाड्यात मेलेले जनावर ओढून नेणारा महार, कातडे कमावणारा ढोर, शिवणारा चांभार. या तिघांची सावलीही नको, त्यांची वस्तू मात्र हवी. मोटेचे पाणी शेताला चाले, कीर्तनात पखवाजावर थाप पडे, साहेबाच्या घोड्याला खोगीर चढे. वस्तू हातातून निघाली की सोवळी, हात मात्र ओवळा. याबद्दल आपल्या जुन्या आठवणींच्या पुस्तकांत फारसे काही सापडत नाही, ही उणीव मला खटकते.

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर विलायतेहून परतून शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदे संस्थानात नोकरीस गेले. सयाजीराव महाराजांसारखा सुधारक राजा. तरीही कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत, हे चरित्रकारांनी नोंदविले आहे. शहरात राहण्यास जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी उतारशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. ते कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. कोलंबियात शिकून आलेला अधिकारी आणि चार बुकेही न शिकलेला शिपाई, यांत वरचढ कोण हे त्या कचेरीत दरबारच्या नेमणुकीवरून ठरले नाही. पट्ट्याने दिलेला अधिकार पट्टेवाल्यास पुरत नव्हता. जातीने दिलेला त्याहून जुना होता, आणि तो काढून ठेवण्याची खुंटी कचेरीत नव्हती. पुढे १९२७ साली महाडास बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडावयास सांगितले, तेव्हा त्या साखळीची पहिलीच कडी सुटू लागली.

स्वातंत्र्यानंतर पट्टे हळूहळू गेले. बनात गेली, चामडे गेले, कोठे नायलॉनची पट्टी आली, कोठे काहीच नाही. २००८ साली सहाव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राने चतुर्थ श्रेणीच मोडीत काढली; प्यून, दफ्तरी, जमादार यांचे मिळून 'मल्टी टास्किंग स्टाफ' झाले. मध्यप्रदेशात सरकारी कागदांवरचा शब्द 'भृत्य' आहे. इतका संस्कृत की हाक मारताना कोणी तो वापरल्याचे मी पस्तीस वर्षांत ऐकले नाही. इंदुरातला तो कारागीर आता पट्टे शिवतो ते हौशी गिऱ्हाइकांसाठी. दोरा नायलॉनचा वापरतो, मेण मात्र चोळतो. बडोद्याच्या कचेऱ्यांत अजून 'पटावाळो' अशी हाक ऐकू येते. जो उठून येतो त्याच्या कमरेला बहुधा बाजारातला साधा एकेरी पट्टा असतो.