वही आणि वसुली

राज्यकर्त्याने प्रजेकडून द्रव्य घेणे ही गोष्ट राज्यसंस्थेइतकीच पुरातन असली, तरी प्रत्येक गृहस्थाने वर्षातून एकदा आपल्या सर्व मिळकतीचा आकडा स्वतः मांडून, तो खरा असल्याची ग्वाही देऊन सरकारात दाखल करावा, ही रीत आपल्याकडे पुरती पावणेदोनशे वर्षांचीही नाही. आजचा पगारदार मनुष्य सोळा नंबरचा फॉर्म, विम्याच्या हप्त्याच्या पावत्या आणि बँकेतील व्याजाचा दाखला पुढ्यात घेऊन ज्या निमूटपणे आपले विवरणपत्र भरतो, तो निमूटपणा पाहिला म्हणजे याच करापायी एका प्रांताच्या गव्हर्नराला पदाला मुकावे लागले होते आणि त्याच्याच एका भावंडापायी सुरतेत गोळीबार झाला होता, यावर चटकन विश्वास बसत नाही. त्या काळचे कागद चाळताना मात्र एक गोष्ट ठळकपणे जाणवते ती ही की, लोकांना द्यावी लागणारी रक्कम जितकी बोचली, त्याहून कितीतरी अधिक बोचली ती घरात डोकावणारी चौकशी.

पेशवाईतील वसुलीची पद्धत पाहिली म्हणजे या बोचण्याचे कारण उमगते. शेतकऱ्याचा सारा जमिनीवर. आणि शेतकरी नसलेल्या दुकानदार, तेली, कोष्टी आदी व्यावसायिकांवर मोहतर्फा. तेल्याच्या घाण्या किती, कोष्ट्याचे माग किती, वाण्याचे दुकान पेठेत कोणत्या जागी, हे पाटील-कुलकर्ण्यांना आणि पेठेच्या शेटे-महाजनांना तोंडपाठ असे. त्या मानाने दर ठरे, रकमेत घासाघीस होई, क्वचित सूट मिळे. पण त्या साली तेल्याने नेमके किती मिळविले हा प्रश्न कमाविसदार त्याला विचारीत नसे, कारण त्याला तो विचारण्याची गरजच नव्हती. घाणी डोळ्यांना दिसत होती आणि कर घाणीवर होता. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. लढाईच्या प्रसंगी नाना प्रकारच्या पट्ट्या बसत, आणि उत्तर पेशवाईत मामलतीच मक्त्याने दिल्या जाऊ लागल्यावर रयतेची जी दैना झाली ती सर्वश्रुत आहे. 1798 साली शिंद्यांच्या लष्कराचा खर्च भागविण्यासाठी सर्जेराव घाटग्याने पुण्यातील धनिकांना धरून आणून त्यांचा जो छळ मांडला, त्याची आठवण तर पुढच्या दोन पिढ्यांना पुरली असेल. ज्याच्याजवळ द्रव्य आहे असा बोभाटा झाला त्याच्यावर संकट आले, हा ज्या समाजाचा अनुभव, त्या समाजाला गोऱ्या साहेबाने छापील कागद पाठवून 'तुझी मिळकत किती ते लिही' असे सांगितल्यावर त्याने तो कागद कोणत्या नजरेने पाहिला असेल हे सांगायला नको.

तो कागद पाठविणारा साहेब जेम्स विल्सन. स्कॉटलंडमधील हॉइक गावी जन्मलेला, टोप्यांच्या धंद्यात उमेदवारी केलेला आणि म्हणून अक्षरशः टोपीकर असलेला हा गृहस्थ 'इकॉनॉमिस्ट' या साप्ताहिकाचा संस्थापक. सत्तावन्नच्या उठावाने कंपनीचे राज्य बुडविले, पण तो मोडण्याचा खर्च हिंदुस्थानच्याच माथी मारला गेला आणि सरकारी कर्ज सुमारे चार कोटी पौंडांनी वाढले. ती तोंडमिळवणी करण्यासाठी विल्सनला गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात अर्थखात्याचा पहिला सभासद म्हणून धाडण्यात आले. 1859 च्या नोव्हेंबरात तो कलकत्त्यास उतरला आणि 18 फेब्रुवारी 1860 रोजी त्याने आपले अंदाजपत्रक मांडून प्राप्तिकराची योजना जाहीर केली. राजाने प्रजेच्या उत्पन्नाचा अंश घ्यावा याला तुमच्याच शास्त्रांची संमती आहे असे सांगून त्याने मनूलाही साक्षीला बोलाविले. मनूने सांगितलेला भाग धान्याचा, पशूंचा आणि सुवर्णाचा होता, म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंचा होता, ही बारीक गोष्ट या वकिली युक्तिवादात अर्थातच बाजूला राहिली.

24 जुलै 1860 रोजी मंजूर झालेला हा कायदा 259 कलमांचा होता. वर्षाला 200 रुपयांच्या आत मिळकत असणाऱ्यास माफी. 200 ते 500 पर्यंत शेकडा 2. आणि 500 वर शेकडा 4, त्यांपैकी 1 रस्ते-कालव्यांसारख्या लोकोपयोगी कामांसाठी. ज्या काळी दरमहा वीस रुपयांचा कारकून स्वतःला बरा समजत असे, त्या काळी 200 रुपयांची ही मर्यादा म्हणजे जाळ्याची भोके अगदी बारीक ठेवण्याचाच प्रकार होता. मद्रासचा गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन याने, परके सरकार आणि अपरिचित प्रजा यांच्यामध्ये असा कर म्हणजे असंतोषाला आमंत्रण आहे, अशा आशयाचे आपले मत नुसते मांडले नाही तर ते वर्तमानपत्रात प्रसिद्ध होऊ दिले, आणि या बेशिस्तीबद्दल त्याला परत बोलाविण्यात आले. विल्सनचे दैवही फारसे अनुकूल नव्हते. कायदा होऊन तीन आठवडेही उलटले नाहीत तोच, 11 ऑगस्टला, आमांशाच्या विकाराने तो कलकत्त्यातच निवर्तला, आणि आपण लावलेल्या कराचे काय झाले हे पाहणे त्याच्या नशिबी आले नाही.

ते पाहून त्याला समाधान झाले असते असे वाटत नाही. विलायतेतील नमुन्यावर बेतलेली विवरणपत्रे मोफसलीत गेली, तेव्हा ज्यांना ती वाचता आली त्यांनी आपली मिळकत खुबीने आखडती दाखविली आणि ज्यांना वाचता आली नाहीत त्यांच्या वतीने कोणी अर्जनविसाने ती भरून दिली. मामलेदारकचेरीतील अंमलदारांना भिस्त ठेवावी लागली ती अंदाजावर आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चुगल्यांवर. दुसऱ्याच वर्षी नवी विवरणपत्रे मागविण्याचा खटाटोप सोडून देऊन पहिल्या वर्षीचीच आकारणी पुढे ओढण्यात आली. 1862 मध्ये, वसुलापेक्षा उपद्रवच अधिक म्हणून, 500 रुपयांच्या आतील लोकांना मोकळे केले. 1863 मध्ये दर 3 टक्क्यांवर आला. आणि 1865 मध्ये मुदत संपताच कर नाहीसा झाला. त्या वेळी अर्थखात्याच्या खुर्चीवर कोण होते? पाच वर्षांपूर्वी याच कराला विरोध केल्याबद्दल ज्याला घरी बसविले होते तेच सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन. इतिहास इतका नाटकी न्याय क्वचितच करतो.

पुढील वीस वर्षे ही सरकारी चाचपडण्याची वर्षे आहेत आणि त्यांचा सविस्तर वृत्तांत कंटाळवाणा आहे. 1867 मध्ये परवान्याचा कर, पुढच्या वर्षी दाखल्याचा, 1869 मध्ये पुन्हा प्राप्तिकर, 1873 मध्ये त्याला पुन्हा रजा. यांपैकी एक प्रकरण तेवढे थांबून पाहण्याजोगे आहे. 1876 ते 78 च्या भीषण दुष्काळानंतर, पुढील दुष्काळांसाठी निधी उभारण्याच्या हेतूने मुंबई इलाख्यात व्यापारी आणि कारागीर यांच्यावर लायसन्स कर बसविण्यात आला. गव्हर्नर होते सर रिचर्ड टेंपल, म्हणजे पूर्वी प्राप्तिकर चालविणारे अर्थसचिवच. 1878 च्या एप्रिलात सुरतेच्या व्यापाऱ्यांनी दुकाने बंद केली, जमाव रस्त्यावर आला आणि पोलिसांनी गोळी झाडली. या करातील अन्याय उघड होता. दुकानदाराने आणि कारागिराने दुष्काळाची वर्गणी भरावी, आणि हजारो रुपये वेतन घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, वकिलाने, डॉक्टराने मात्र हात झटकून मोकळे व्हावे! कराचा हुकूम लिहिणारे आणि करातून सुटणारे हात एकच होते असे कोणी म्हटले असते तर त्याला उत्तर देणे सरकारला अवघड गेले असते.

1886 च्या कायद्याने ही विसंगती काढून टाकली आणि प्राप्तिकर या देशात कायमचा वस्तीला आला. शेतीच्या उत्पन्नाला सूट मिळाली. उरलेल्या मिळकतीचे चार भाग पाडले: वेतन, कंपन्यांचा नफा, सरकारी रोख्यांवरील व्याज आणि इतर मार्गांची प्राप्ती. सरकारी नोकराचा कर पगार हाती पडण्यापूर्वीच कापून घेण्यात येऊ लागला. वर्षाला 500 रुपयांच्या आतील मिळकतीला माफी होती; त्यापुढे 2000 रुपयांच्या खाली रुपयाला 4 पै आणि त्यावर 5 पै असा दर पगारदारांना होता. दरमहा 41 रुपये मिळविणाऱ्या कारकुनाची वार्षिक प्राप्ती 492 रुपये, म्हणून तो मोकळा; त्याच्या शेजारच्या मेजावरील 42 रुपयेवाल्याची 504, म्हणून त्याच्या पगारातून महिन्याला 14 आणे वजा. म्हणजे 1 रुपयाची बढती मिळाली तर त्यातले 2 आणे तेवढे घरी येत. वरच्या पायरीवर तर अधिक गंमत होती. 1999 रुपयांवर कर 41 रुपये 10 आण्यांच्या आसपास, आणि 2000 झाले की सर्व रकमेवर 5 पैचा दर लागून तो 52 रुपयांच्या वर! ज्या मनुष्याच्या बढतीने त्याचे नुकसान होते त्याने साहेबाचे आभार कोणत्या शब्दांत मानले असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी. ही पायऱ्यांची पद्धत जाऊन मिळकतीच्या त्या-त्या टप्प्यापुरताच वाढीव दर लावण्याची पद्धत यायला 1939 साल उजाडावे लागले.

14 आण्यांच्या त्या कारकुनाची कड प्रथम ज्याने परिणामकारकपणे घेतली तो मराठी माणूस होता. 26 मार्च 1902 रोजी वरिष्ठ कायदेकौन्सिलात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी अंदाजपत्रकावर आपले पहिले भाषण केले. देश दुष्काळ आणि प्लेग यांनी गांजलेला असता तिजोरीत शिल्लक पडते याचा अर्थ सरकार गरजेपेक्षा अधिक घेत आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी सिद्ध केले आणि मिठावरील कर कमी करण्याबरोबरच प्राप्तिकराची मर्यादा 500 वरून 1000 करावी अशी मागणी केली. पुढच्याच वर्षी, लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत, मिठावरील कर मणाला अडीच रुपयांवरून 2 रुपयांवर आला आणि मर्यादा 1000 झाली. हजारो लहान पगारदार एका सहीने सुटले. गणिताचा हा माजी प्राध्यापक भावनेपेक्षा बेरीज-वजाबाकीवर विसंबून बोलत असे, आणि आकड्यांचा युक्तिवाद सरकारने मानला असे जे थोडे प्रसंग आहेत त्यांत हा एक आहे.

पगारदाराचे असे झाले. व्यापाऱ्याचे दुखणे निराळे होते. त्याची मिळकत पगारपत्रकात नसून वहीत होती, आणि वही ही काही केवळ हिशेबाची वस्तू नव्हती. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तांबड्या कापडी पुठ्ठ्याच्या नव्या वह्या पाटावर मांडाव्यात, पहिल्या पानावर श्रीकार काढून हळदकुंकू वाहावे, आणि कार्तिकी प्रतिपदेपासून कीर्दीत पहिली रक्कम लिहावी, असा परिपाठ. कीर्दीत रोजची आवक-जावक, खतावणीत प्रत्येक कुळाचे स्वतंत्र खाते. नफा-नुकसानीची गोष्ट मालक आणि दिवाणजी यांच्यापलीकडे जायची नाही, घरच्या बायकामुलांनाही ती कळायची नाही. ही वही बगलेत मारून, तालुक्याच्या गावी एखाद्या अंमलदाराच्या मेजासमोर उभे राहणे आणि त्याने बोट ठेवलेल्या रकमेचा खुलासा करणे, यात पेढीच्या अब्रूचा प्रश्न होता. वही नाही दाखविली तर अंमलदार अटकळीने आकारणी करणार. दाखविली तर विश्वास ठेवीलच असे नाही. सरकारला दाखवायची एक आणि खरी एक अशा दोन वह्यांचा जो प्रघात पडला, त्याचे समर्थन करता येत नाही. परंतु ज्या अविश्वासातून तो जन्मला तो दोन्ही बाजूंचा होता, एवढे नमूद करणे प्राप्त आहे.

एका बाबतीत मात्र सरकारने वहीचा मान दीर्घकाळ राखला. सरकारचे आर्थिक वर्ष 1867 पासून 1 एप्रिलला सुरू होऊ लागले. परंतु व्यापाऱ्याने आपला हिशेब दिवाळी ते दिवाळी ठेवला तरी तो चालत असे. 1922 चा कायदा आला, 1961 चा आला, स्वातंत्र्य आले, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना वारसांकडे जाणाऱ्या मिळकतीवरील मृत्युकरही आला आणि पुढे गेला. यशवंतराव चव्हाण त्या खुर्चीवर असताना सर्वोच्च पायरीचा दर अधिभारासह शेकडा 97.75 पर्यंत चढला, म्हणजे त्या टप्प्यावर मिळविलेल्या 100 रुपयांतले सव्वादोन रुपये मालकाकडे उरत. (सरकारने नेमलेल्या वांछू समितीने या दरांवर बोट ठेवल्यानंतर 1974 मध्ये तो 77 वर उतरविला तोही यशवंतरावांनीच.) या सर्व घालमेलीत दिवाळीचे वर्ष टिकून राहिले, आणि 1989 मध्ये गेले. त्या वर्षापासून सर्वांना 31 मार्चलाच हिशेब मिटवावा लागतो. लक्ष्मीपूजन अजून दिवाळीतच होते. नफा मात्र चैत्राच्या उन्हात मोजला जातो.

त्यानंतरच्या दोन बदलांचा निर्देश केला पाहिजे, कारण विल्सनने विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी दोन टोकांनी वळसा घातला आहे. 1994 पासून काही धंद्यांपुरती आणि पुढे बहुतेक लहान व्यापाऱ्यांसाठी कायद्याने अशी सवलत दिली की, त्यांनी वह्या ठेवण्याच्या भानगडीत न पडता एकूण उलाढालीच्या शेकडा 8, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेच्या शेकडा 6, हाच आपला नफा असे सांगून मोकळे व्हावे. म्हणजे पेठेतील दुकानाचा आकार पाहून मोहतर्फ्याचा दर ठरविणाऱ्या शेटे-महाजनांच्या रीतीकडे सरकार, मोठा प्रदक्षिणेचा फेरा घेऊन, पुष्कळसे परत आले. आणि दुसरीकडे, 2021 पासून प्रत्येक करदात्याच्या नावाचे एक वार्षिक माहितीपत्रक आयकर खाते स्वतःच तयार ठेवते. बचत खात्यावरील व्याज, लाभांश, विकलेले समभाग, घेतलेले घर, सर्व काही बँका, कंपन्या आणि नोंदणी कचेऱ्या यांच्याकडून परस्पर जमा झालेले असते. विवरणपत्र भरणाऱ्याने ते उघडून पाहावे, आपल्या पासबुकाशी ताळा जमवावा, आणि एखादी रक्कम दुसऱ्याच कोणाची आपल्या नावे चढली असेल तर तशी हरकत नोंदवावी, एवढेच काम त्याच्याकडे उरले आहे.