मुंबईच्या पूर्वकिनाऱ्याचीं दोन साधनें

मुंबईच्या पूर्वेतिहासाविषयीं लिहितांना आमच्या संशोधकांची दृष्टि बहुधा कागदावरच खिळलेली असते. कागद हें प्रमाण खरें. परंतु ज्या भूमीचें स्वरूपच मनुष्यानें पालटलें, तिच्याविषयीं स्थलनाम व माती हींहि प्रमाणें मानावीं, असें आमचें मत आहे.

मुंबई म्हणजे सात बेटें व त्यांमधील समुद्र, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्या बेटांमध्यें सर्वत्र खोल पाणी नव्हतें. भरतीस पाणी व ओहोटीस चिखल, अशा त्या खाजणी होत्या. उमरखाडी या नांवांतील 'खाडी' हें उत्तरपद आजहि स्पष्ट आहे. पायधुणी येथें खाडी ओलांडून आलेला मनुष्य पाय धुवी, ही परंपरागत व्युत्पत्ति आम्हांस ग्राह्य वाटते, कारण ती भूमीच्या उताराशीं जुळते. मात्र व्युत्पत्तीच्या कामीं संयम हवा. महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडार गव्हर्नर हॉर्नबी याच्या कारकीर्दींत (१७७१–१७८४) बांधानें बुजविलें. त्या बांधास 'वेलार्ड' म्हणतात. संस्कृतज्ञास येथें 'वेला' शब्द आठवावा हें स्वाभाविक आहे. आम्हांसहि तो मोह झाला होता. परंतु शब्द पोर्तुगीज 'वल्लादो' याचा अपभ्रंश आहे.

येथें संग्राहकांस एक विनंति. महिकावतीच्या बखरींतील राजवंशांवर, राजवाड्यांनीं ती १९२४ सालीं छापल्यापासून, पुष्कळ शाई खर्च झाली. परंतु घरजागेचीं जुनीं खरेदीखतें कोणी जपत नाहीं. त्यांवर राजमुद्रा नसते ना! अशा खतांत चतुःसीमा लिहिण्याची चाल आहे. एखाद्या मितीच्या खतांत 'पूर्वेस समुद्र' एवढेच दोन शब्द आढळले, तरी त्या वर्षाची किनाररेषा त्या ठिकाणीं निश्चित होते. असें खत रद्दींत जाणें म्हणजे मोजणीचा एक दगड उपटला जाणें होय.

दुसरें साधन मातीचें. हें बंदर पश्चिमेस बेटांनीं व पूर्वेस कोंकणच्या मुख्य भूमीनें झांकलेलें असल्यामुळें नैर्ऋत्य पावसाळ्यांतहि जहाजांस आसरा देतें. सुरतेहून आलेल्या लवजी वाडियानें १७५० च्या सुमारास येथें कोरडी गोदी बांधली. पुढें अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळीं (१८६१–१८६५) कापसाचा पैसा आला, भरावाच्या कंपन्या निघाल्या आणि १८६५ सालीं बहुतेक बुडाल्या. १८७३ मध्यें पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला व १ जानेवारी १८८० रोजीं प्रिन्सेस डॉक उघडण्यांत आला.

या गोदीच्या खोदकामांत चिखलाखालीं खैराचें बुडालेलें अरण्य सांपडलें. ऑर्मिस्टन यांनीं ३८२ झाडें मोजलीं. त्यांपैकीं २२३ जागच्या जागीं उभीं होतीं व १५९ आडवीं पडलीं होतीं. वाहून आलेलें लांकूड उभें राहत नाहीं. अर्थात् तेथें पूर्वीं कोरडी भूमि होती, ती खचली व तीवर समुद्र आला, हें अनुमान टळत नाहीं. त्यावरून द्वारकेच्या बुडण्यापर्यंत उडी मारणें मात्र अशास्त्र होय. झाडाच्या बुंध्यावर शक लिहिलेला नसतो. तथापि इंग्रजांनीं समुद्राची भूमि घेतली, या वाक्यास येथें एक पूर्वपद जोडावें लागतें : ती भूमि समुद्रानें आधीं घेतली होती.

१९१४ सालीं उघडलेल्या अलेक्झांड्रा डॉकच्या उकरलेल्या मातीनेंच बॅलार्ड इस्टेटची सुमारें २२ एकर जागा भरली गेली. त्या गोदीस आतां इंदिरा डॉक म्हणतात. म्हणजे जुन्या कागदांतील नांव शोधणारास नकाशावर तें सांपडणार नाहीं. व्हिक्टोरिया डॉकमध्यें १४ एप्रिल १९४४ रोजीं 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, तें सर्वश्रुतच आहे. ती गोदी व तिच्या शेजारची प्रिन्सेस डॉक या दोन्ही अलीकडे पेटाऱ्यांचा माल रचण्याकरितां भरून काढण्यांत आल्या. खैराचीं खोडें ज्या खड्ड्यांतून उपसलीं, तेथें पुनः भराव पडला आहे.