तळटीप ३ : ‘लिव्हरपूलची शाळा’

३. पुण्यातील डीएसके शिवाजियन्स या १९८७ साली स्थापन झालेल्या क्लबाने इंग्लंडातील लिव्हरपूल फुटबॉल क्लबाशी करार करून २०११ साली जी निवासी प्रशिक्षणशाळा सुरू केली, तिचा हा उल्लेख आहे. शिवाजियन्स पुढे २०१५-१६ व २०१६-१७ या दोन हंगामांत आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत खेळले.

मजकुरात याच ओघात आलेला ‘भाड्याचा तंटा’ मात्र पुण्याचा नसून खुद्द लिव्हरपूलच्या जन्माचा आहे. अ‍ॅनफिल्डचे मैदान १८८४ पासून लिव्हरपूल शहरातीलच एव्हर्टन या क्लबाच्या वहिवाटीत होते. त्या मैदानाचा मालक झालेला जॉन हूल्डिंग हा बिअरच्या कारखान्याचा धनी, आणि क्लबाचा अध्वर्यूही तोच. वर्षाला १०० पौंड असलेले भाडे त्याने क्रमाक्रमाने २५० पौंडांवर नेले, तेव्हा विजेतेपदाच्या ऐन भरात असलेल्या एव्हर्टनच्या सभासदांनी ती वाढ अमान्य करून १८९२ साली गुडिसन पार्क या दुसऱ्या मैदानाची वाट धरली, आणि ओस पडलेल्या मैदानासाठी हूल्डिंगने त्याच वर्षी लिव्हरपूल हा नवा क्लब उभा केला, ज्यात बहुतेक खेळाडू स्कॉटलंडहून आणलेले होते. अशा रीतीने आज जगभर ख्याती पावलेला हा क्लब वस्तुतः त्या शहरातील धाकटी पाती होय. त्याचा प्रसिद्ध लाल पोशाखही मूळचा नव्हे. प्रारंभी तो निळा-पांढरा होता.