उप्पल : तळ्यातले फूल आणि आपला इतिहास

भगवान बुद्धांच्या धम्मात फुलाला मान आहे. पण आपण वाहतो ते फूल नेमके कोणते, याची चौकशी फारशी कुणी करीत नाही. वंदनेला बसलो की समोर पाण्यातले जे फूल असेल त्याला सरसकट कमळ म्हणून मोकळे होतो. पालीत तसे नाही. तिथे उप्पल वेगळे, पदुम वेगळे, पुण्डरीक वेगळे. पदुम आणि पुण्डरीक ही खरी कमळे, एक तांबूस, दुसरे पांढरे. उप्पल म्हणजे संस्कृतातले उत्पल, ज्याला आज नर्सरीवाले वॉटर लिली म्हणतात. कमळाचे मोठे पान अखंड गोल असते, पाण्याच्या वर छत्रीसारखे उभे राहते आणि त्यावरून थेंब पाऱ्यासारखा पळतो. उप्पलाचे पान पाण्यावर पसरून तरंगते आणि कडेपासून देठापर्यंत चिरलेले असते. एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

आम्ही काही पालीचे पंडित नाही. मिळेल ते पुस्तक वाचायचे, अडले की भन्तेजींना विचारायचे, असे आमचे शिक्षण. त्यात एक प्रसंग आम्हाला फार मोलाचा वाटतो. संबोधी प्राप्त झाल्यावर उरुवेलेला भगवंतांपुढे प्रश्न उभा राहिला, की हा गंभीर धम्म लोकांना सांगावा की गप्प राहावे? तेव्हा त्यांनी जगाकडे तळ्यासारखे पाहिले. तळ्यात उप्पल, पदुम, पुण्डरीक सारेच आहे. काही फुले पाण्याच्या आत आहेत, काही पाण्याला लागून, काही पाण्यावर येऊन कोरडी उभी. आणि त्यांनी धम्म सांगायचा निश्चय केला.

आता ज्याने ही झाडे स्वतः लावली आहेत, त्याला या उपमेत आणखी एक गोष्ट दिसते. पाण्यात बुडालेली कळी आणि वर उमललेले फूल ही एकाच कंदाची असतात. चिखल तोच, पाणी तेच. आत असलेली कळी आतच राहायला जन्मलेली नसते, तिची वेळ यायची असते. वरचा वर आणि खालचा खाली हे जन्माने ठरते, असे सांगणारे शास्त्र या देशात होतेच. भगवंतांनी मात्र तळे दाखवले.

भिक्खुणी संघाच्या दोन अग्रश्राविका, खेमा आणि उप्पलवण्णा. दुसरीचे नावच या फुलावरून पडलेले. आपल्या महाराष्ट्रात बघायचे तर अजिंठ्याला जावे. पहिल्या लेण्यातला बोधिसत्त्व पद्मपाणि, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. नाव पद्मपाणि, पण हातातले फूल निळे उत्पल आहे, असे जाणकार सांगतात. चित्रकाराला फरक ठाऊक होता, नंतरचे लोक विसरले.

लेण्यांमध्ये पाण्याचीही मोठी व्यवस्था होती. कान्हेरीला लेण्यालेण्यापाशी कातळात टाकी खोदलेली आहेत. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे आणि ती दान म्हणून नोंदली आहेत. दान देणारे सगळे राजे नव्हते. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत मालाकाराचे, म्हणजे चक्क माळ्याचे नाव दाता म्हणून कोरलेले आहे. फुलांवर पोट असलेला माणूस संघाला दान देतो आणि त्याचे नाव दगडात राहते, हे आम्हा गिरणीतल्या माणसांना ताज्या बातमीसारखे वाटते.

त्याच रायगड जिल्ह्यात महाड आहे. बोले ठरावानंतर नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला, तरी प्रत्यक्षात पाण्याला हात लावायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, आणि त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याच्या घागरी ओतून तळ्याची 'शुद्धी' केली. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. ज्या समाजाला तळ्याच्या काठावर उभे राहू दिले नाही, त्याने तळ्यातले फूल कुठून आणायचे? म्हणूनच १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेब आणि माईसाहेबांनी बुद्धमूर्तीपुढे पांढरी कमळे वाहिली, ही कीरांनी चरित्रात दिलेली नोंद आम्हाला किरकोळ वाटत नाही.

विहाराच्या अंगणात हौद बांधायचे ठरले तेव्हा काही तरुणांनी विचारले, बुद्धाला फूल कशाला, ही मूर्तिपूजाच नाही का? प्रश्न रास्त होता. पण फूल वाहतानाची गाथा काय सांगते ते बघा. फूल कोमेजते तसे हे शरीरही नाशाकडे जाते. मागणे असलेच तर या पुण्याने मुक्ती मिळावी एवढेच, दुसरे काही नाही. उप्पल हा पाठ चांगला देते. एक फूल तीन-चार दिवस उघडते-मिटते, मग देठ पाण्याखाली ओढला जातो आणि बी तिथेच पिकते.

ज्यांना आपल्या विहारात लावायचे असेल त्यांच्यासाठी आता कामाचे सांगतो. हौद दोन-अडीच फूट खोल पुरे, पण रोज पाच-सहा तास ऊन हवे. सावलीत नुसती पाने येतात. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, म्हणून हौद तीन-चार वेळा भरून रिकामा करावा. कंद पसरट कुंडीत, चिकट काळ्या मातीत लावावा आणि वर बारीक खडी पसरावी, नाहीतर माती वर येते. ताजे शेण अजिबात घालू नये, पाणी हिरवे होऊन कुजते. हाडांचा चुरा मूठभर मातीत खोल दाबावा. कुंडी आधी विटांवर उंच ठेवावी आणि पाने वाढतील तशी एकेक वीट काढावी. डासांसाठी गप्पी मासे सोडावेत. कारंज्याचा मोह टाळावा, कारण पानांवर सारखे पाणी पडलेले या झाडाला सोसत नाही.

नर्सरीत गुलाबी, पिवळे प्रकार मिळतात. त्यातल्या थंडी सोसणाऱ्या रंगीत जाती फ्रान्समधल्या जोसेफ लातूर-मार्लियाक या माणसाने एकोणिसाव्या शतकात संकर करून काढल्या. त्याची फुले १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली होती, आणि पुढे चित्रकार क्लोद मोने याने ती आपल्या तळ्यात लावून आयुष्यभर रंगवली. शोभेची आहेत, पण आपल्या हवेला आपले निळे-पांढरे उप्पल बरे, आणि स्वस्तही. एका कुंडीत कंद वाढले की पावसाळ्याच्या तोंडावर वेगळे करावे लागतात. आमच्याकडचे कंद आम्ही विकत नाही. ज्या विहाराला हवे असतील त्यांनी वर्षावास सुरू होण्याआधी एखाद्या रविवारी वंदनेला यावे, येताना ओले गोणपाट आणावे.