अब्बांची वही आणि छत्तिसावे कलम

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नेरुळच्या माझ्या घरी काळ्या पुठ्ठ्याची एक जुनी वही आहे. डाव्या पानावर विमेदाराचे नाव-गाव, उजव्या पानावर हप्त्यांच्या तारखा. महाड, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन. ही अब्बांची वही. 1956 च्या सप्टेंबरपाशी तिच्यातली शाई बदलते.

अब्बा तेव्हा ऐन पंचविशीत होते, आणि विमा कंपनीचे विशेष एजंट होते. आज हा हुद्दा कुणाला आठवत नाही. त्या काळी कंपनी मुंबईत असे आणि जिल्ह्याचा कारभार मुख्य एजंटाकडे. तो कंपनीचा पगारदार नसे. तो आपली माणसे नेमायचा, धंदा उभा करायचा आणि त्यावर कमिशन घ्यायचा. त्याच्या हाताखाली विशेष एजंट, त्यांच्याखाली साधे एजंट. विमेदाराच्या लेखी कंपनी म्हणजे दारात येणारा माणूस. आमच्या समाजातल्या काही बुजुर्गांना तर विमा धर्माला धरून आहे की नाही, याचीच शंका. अशांच्या ओसरीवर बसून अब्बांनी पॉलिसी विकल्या होत्या.

19 जानेवारी 1956 च्या रात्री अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख रेडिओवर बोलले. आयुर्विम्याचा धंदा सरकार हाती घेत आहे, ही बातमी देशाला त्या भाषणातून कळली. देशमुखांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा. आमच्याच भागातल्या माणसाने आमचा धंदा नेला, असे अब्बा हसत म्हणायचे. कारणे मात्र त्यांना पटली होती. काही मालकांनी विमेदारांचा पैसा स्वतःच्या उद्योगांत फिरवल्याचे प्रकरण फिरोज गांधींनी 1955 च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत मांडले होते.

1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. 154 देशी आणि 16 परदेशी कंपन्या, 75 प्रॉव्हिडंट सोसायट्या, अशा 245 संस्था त्यात विलीन झाल्या. गंमत अशी की, तोवर देशमुख अर्थमंत्री राहिलेच नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी जुलैतच राजीनामा दिला होता.

त्याच दिवशी महामंडळाच्या कायद्यातले छत्तिसावे कलम लागू झाले. मुख्य आणि विशेष एजंटांचे सारे करार त्या दिवसापासून संपले, त्यांतून येणारे हक्कही संपले. भरपाईची तरतूद परिशिष्टात होती, आणि अब्बांना ती मिळाली. पण खाली नेमलेल्या माणसांच्या कामावर वर्षानुवर्षे मिळायचे ते कमिशन गेले. त्यांनी साध्या एजंटाचे काम पुन्हा सुरू केले.

मग ते वही घेऊन गावोगाव फिरले, हप्ता यापुढे कुठे भरायचा हे सांगायला. या फिरण्याचे कमिशन नव्हते. म्हसळ्याच्या एका विधवा बाईंनी विचारले, "भाईसाब, कंपनी बुडाली काय?" अब्बांनी त्यांना सदतिसावे कलम सांगितले. त्या कलमाने विम्याच्या रकमेला केंद्र सरकारची हमी होती. छत्तिसाव्याने माझे नेले, सदतिसाव्याने तुमचे राखले, असे ते बाईंना म्हणाले. हे ते पुढे अनेकदा सांगत. त्यात कडवटपणा होता की अभिमान, हे मला लहानपणी कळले नाही. आता वाटते, दोन्ही होते.

माझी पाळी नव्या शतकात आली. बी.ए. होऊन कविता करणाऱ्यालाही पोट असतेच. 1999 च्या कायद्यानंतर खासगी कंपन्या पुन्हा विम्यात आल्या होत्या. 2004 मध्ये वाशीच्या एका विपणन संस्थेतून मी एका कंपनीचा एजंट झालो आणि 2007 मध्ये बाहेर पडलो. दुसऱ्या कंपनीकडे जायचे तर आधीच्या कंपनीचे ना हरकत पत्र लागे. संस्था म्हणे, कंपनीला विचारा. कंपनी म्हणे, संस्थेला विचारा. त्यात सात महिने गेले. पुढच्या हप्त्यांवरचे कमिशनही सुटले. 1938 च्या विमा कायद्याचे चव्वेचाळिसावे कलम एजंटाला करार संपल्यावरही ते कमिशन देत असे, पण त्यासाठी निदान पाच वर्षांचे सलग काम हवे. माझी तीनच झाली होती.

2016 च्या नियमांनी ही ओढाताण बरीच कमी केली. एजंटाने नेमणूकपत्र आणि ओळखपत्र परत केले की कंपनीने पंधरा दिवसांत नेमणूक संपल्याचे प्रमाणपत्र द्यायचे, असे ठरले. मला मात्र त्याचा उपयोग नव्हता, मी तोवर शिकवण्या घेऊ लागलो होतो.

त्या सात महिन्यांत मला माझे एक्केचाळीस विमेदार आठवत राहिले. यादी संस्थेच्या संगणकात होती, पण माझ्या डायरीत फोन नंबर होते. एका रविवारी बसून मी एकेकाला फोन केला, हप्ता कुठे भरायचा ते सांगितले. एकोणचाळीस जण भेटले. उरलेल्या दोघांसाठी मी घणसोलीला जाऊन आलो.