कोळशाची रेघ

गंज पेठेतल्या आमच्या वाड्याबाहेर, बोळाच्या तोंडाशी, सार्वजनिक नळ होता. त्या नळाच्या भिंतीवर कोळशाची एक आडवी रेघ असायची. दर दिवाळीला भिंतीला चुना लागायचा आणि चुना वाळला की आजी ती रेघ पुन्हा गिरवायची. लहानपणी मला वाटायचं, हा आमच्या घरचा कुळाचारच असणार.

रेघेची गोष्ट ती सांगायची ओट्यावर तांदूळ निवडताना. सुपातले खडे वेचता वेचता ती कुठल्या सालातून कुठल्या सालात शिरेल याचा नेम नसे. नळ आला तो पानशेतच्या पुरानंतर, एवढं पक्कं. श्रावणात की भाद्रपदात, यावर तिचं आणि धाकट्या जाऊबाईंचं शेवटपर्यंत जमलं नाही. नळ बसवायला आलेल्या पोरानं भिंतीवर खडूनं खूण केली. आजीनं आतून तांब्याचा हंडा आणून खुणेखाली ठेवला, तर हंड्याचा काठ खुणेच्याही वर गेला.

"बाळा, तुझ्या घरी पाणी कोण भरतं?"

"आई भरते, आज्जी."

"मग ही खूण तिला विचारून केलीस का?"

पोरगा गुणी होता. त्यानं खडू आजीच्या हातात दिला. पण आजीला खडूचा भरवसा नव्हता. तिनं चुलीतला विझलेला कोळसा आणला, हंड्यावर चार बोटं मोजली आणि रेघ ओढली. नळ त्या रेघेवर बसला. पुढं कित्येक वर्षं आमच्या आळीतल्या बायकांनी तिथं हंडा तिरका न करता भरला.

आजीला पाण्याचं हे मोल पुरानं शिकवलं होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याचं धरणही गेलं आणि मुठेकाठच्या पेठा बुडाल्या. आमचा वाडा उंचावर, म्हणून वाचला. नारायण पेठेतल्या मावशी अंगावरच्या ओल्या लुगड्यानिशी आमच्याकडं आल्या, आणखीही माणसं आली. किती, ते प्रत्येक जण वेगळं सांगतो. वडिलांच्या आठवणीत आकडा वीस, आत्याच्या आठवणीत चाळीस. पण दोन्ही वेळा पिठलं-भाकरी होती आणि पहिली पंगत पोराबाळांची बसायची, यावर सगळ्यांचं एकमत.

धरणच नाही तर नळाला पाणी कुठून येणार? तेव्हा शहराला जुने आड आणि हौद आठवले. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावापासून दगडी नळ बांधून पुण्यात पाणी आणलं होतं. नुसत्या उताराच्या जोरावर ते पेठांतल्या हौदांपर्यंत पोचायचं. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या सोयीनं पुरानंतर कितीतरी घरांची तहान भागवली. आजी म्हणायची, "हौदाच्या काठावर त्या दिवसांत कुणी कुणाची जात विचारली नाही गं." हे सगळीकडं तसंच घडलं असेल असं मी छातीठोक सांगणार नाही. पण तिनं तसं पाहिलं होतं, आणि सांगताना दरवेळी तिचा आवाज भरून यायचा.

मग तिचं बोट आपसूक आमच्या पेठेतल्याच एका घराकडं वळायचं. जोतीराव फुल्यांचं घर. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या माणसांसाठी खुला केला. पुढं १८७६ पासून ते पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्चायचा ठराव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणून ते एकटे विरोधात उभे राहिले. आजी शाळेत तिसरीपर्यंतच गेलेली. तिला हे सासऱ्यांनी सांगितलेलं, आणि ती ते घरातल्याच कुणाची तरी गोष्ट असावी तसं आम्हाला सांगायची. "पैसा गावाचा. तो कुठं लागावा हे गावानं सांगायला नको?"

हे वाक्य मला नीट कळलं ते २००६ साली. आजी तेव्हा नव्हती. पुणे महापालिकेनं नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करायचं ठरवलं होतं. आपल्या भागातली लहान कामं लोकांनीच सुचवायची. पदपथ, दिवे, बसथांबे, स्वच्छतागृहं अशी. अर्ज भरून क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. आत्यानं अर्ज आणला आणि ओट्यावर सभा भरवली. सभा म्हणजे चहा, खारी आणि निवडायला घेतलेली मेथी.

कुणी बाकं मागितली, कुणी बोळाच्या तोंडाशी कमान. आत्यानं सगळं लिहून घेतलं आणि मग एकच प्रश्न विचारला, "रात्री कुठं पाय अडखळतो?" क्षणभर सगळ्या गप्प. मग पापड लाटायला जाणाऱ्या काकू हळूच म्हणाल्या, "संडासाकडं उतरताना. तिसरी पायरी दिसतच नाही." एकीनं सांगितलं, ती अंधार पडल्यावर पाणीच पीत नाही, म्हणजे रात्री तिकडं जावं लागत नाही. तिच्याच घरची सून हे पहिल्यांदा ऐकत होती.

त्या रात्री पाच-सहा जणी बोळातून चालत गेल्या. मी बॅटरी घेऊन मागं होते, पण आत्यानं ती लावू दिली नाही. ज्या जागी पावलं थबकली, तिथल्या भिंतीवर तिनं खूण केली. कशानं, ते सांगायला नकोच. अर्जात तिनं नुसतं 'दिवा हवा' असं लिहिलं नाही. 'उतरताना तिसऱ्या पायरीसमोर, डाव्या भिंतीवर' असं लिहिलं.

आता वाडा पाडला गेलाय, नळही गेला. आजीचा हंडा माझ्या घरी आहे, त्याच्या काठाला पोचा आलाय. मागच्या महिन्यात जुन्या शेजाऱ्यांकडं हळदीकुंकवाला गेले होते, निघेपर्यंत अंधारलं. पायऱ्या उतरताना एक पोरगी दोन्ही हातांत बादल्या घेऊन खालून वर येत होती. तिसऱ्या पायरीवर लख्ख उजेड होता. ती खाली न बघताच चढून गेली.